भवरकड्याची अकरा घरटी

"चिठ्ठी हाये ना, ताई?"

माझा मदतनीस काशिनाथ भोये सुरी हातात घेऊन उभा होता. समोर हिराबाई गांगुर्डेंची म्हैस पडली होती. आदल्या दिवशी दुपारी ती मेली आणि सकाळी गावच्या ट्रॅक्टरने तिला कड्याखालच्या माळावर आणून टाकलं. फेब्रुवारी चालू होता. ऊन नुकतंच कड्यावरून खाली उतरायला लागलं होतं आणि वर दोन गिधाडं घिरट्या घालत होती.

"आहे," मी म्हटलं. खिशातून चिठ्ठी काढून पुन्हा एकदा वाचली. 'म्हैस, वय अंदाजे नऊ वर्षे. कासेला सूज व ताप. तीन दिवस मेलॉक्सिकॅम. दुसरे कोणतेही वेदनाशामक दिलेले नाही.' खाली सही होती, द. ग. खैरनार, सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक.

"खैरनार डॉक्टरांची चिठ्ठी म्हंजे पाहायचं तरी काय!" काशिनाथ हसला. "घरचीच ती."

द. ग. खैरनार म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. ते खरे डॉक्टर नव्हते, पण पंचवीस-तीस गावांत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारत नसे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. गिधाडं वाचवण्यासाठी चार-पाच देशांत काम करणाऱ्या एका संस्थेने मला नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळ नेमलं होतं. भवरकड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची अकरा घरटी होती. त्या पट्ट्यात तेवढीच उरली होती. प्रत्येक घरट्यात एकेक पिल्लू. आमचं काम सांगायला सोपं होतं. आसपासच्या गावांत मेलेलं जनावर मिळवायचं, त्याला शेवटच्या दहा दिवसांत काय औषध दिलं ते लिहून घ्यायचं आणि नीट असेल तरच कड्याखाली ठेवायचं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. ते दोन दिवस मान खाली टाकून बसून राहतं आणि मरतं. हजारोंनी गेली ती अशीच. जनावरांसाठी त्या औषधावर सरकारने बंदी घातली होती, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानांतून मिळत होत्या आणि गोठ्यांत वापरल्याही जात होत्या.

म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी नाही तर जनावर नाही, हा संस्थेचा नियम होता.

काशिनाथने म्हशीचं पोट फाडलं. जाड कातडी गिधाडांना लवकर फोडता येत नाही. मग आम्ही दोघं दीडशे पावलांवरच्या आडोशात जाऊन बसलो. आडोसा म्हणजे चार बांबू, वर पोतं आणि करवंदीच्या फांद्या.

आधी कावळे आले. पाऊण तासाने पहिलं गिधाड पाय खाली सोडून, पंख उचलून धपकन उतरलं आणि लांबच एका दगडावर बसून राहिलं. मग दुसरं, तिसरं. बघता बघता नऊ झाली. दहा दिवसांत त्यांना आमच्याकडून काही मिळालं नव्हतं. तरी ती घाई करत नव्हती.

"भुकेली हायेत, पण बघा कशी पंगतीला बसल्यागत बसलीत," काशिनाथ कुजबुजला.

शेवटी एक उठलं. उड्या मारत म्हशीपाशी गेलं आणि फाडलेल्या जागेत तोंड घातलं. त्याच्यामागे आणखी तीन गेली. मी वहीत वेळ लिहिली. आठ वाजून चाळीस मिनिटं.

तेवढ्यात खालच्या कच्च्या रस्त्यावर मोपेडचा आवाज आला.

"कोण येडा आला हा?" काशिनाथ चिडला. गिधाडं उतरलेली असताना तिकडे कोणी फिरकायचं नाही, हे सगळ्या गावांना माहीत होतं.

मोपेड थांबली नाही. माळाच्या कडेपर्यंत आली आणि तिथे आडवी झाली. एक माणूस तिच्यावरून उतरला की पडला ते कळलं नाही, पण उठून तो थेट गिधाडांच्या दिशेने पळत सुटला. खांद्यावरचा पंचा गरागरा फिरवत, ओरडत.

"उठा! हुर्र! हुर्र! उठा रे!"

गिधाडं जड पंखांनी उठली. एकाला लगेच उडता येईना. ते धडपडत वीस-तीस पावलं पळालं आणि मग वर गेलं. तो माणूस दगडाला अडखळून गुडघ्यांवर आपटला, तरी पंचा फिरवतच होता.

मी आडोशातून बाहेर आले ती संतापाने. तोंडातून शिवी निघायच्या बेतात होती. जवळ गेल्यावर पाहिलं तर नाना.

"नाना? अहो, काय करताय हे?"

"झाक ते. आधी झाक."

"पण झालं काय?"

त्यांना श्वास पुरत नव्हता. एका हाताने त्यांनी म्हशीकडे बोट केलं. "चिठ्ठी खोटी आहे, ज्योत्स्ना. परवा, काल... काल सकाळी मी तिला ते जुनं औषध, डायक्लोफेनॅक, दिलंय. पंधरा सीसी."

मला वाटतं, मला ते नीट ऐकूच आलं नाही. काशिनाथ मात्र पळत गेला आणि ताडपत्री घेऊन आला. ती म्हशीवर पसरून आम्ही तिघांनी कडेने दगड ठेवले. एकमेकांकडे न बघता.

दगड ठेवून झाल्यावर नानांनी विचारलं, "किती जणांनी खाल्लं?"

"चार बसली होती," काशिनाथ म्हणाला. "दोघांची तोंडं आत होती. गिळलं किती, ते देवाला माहीत."

नाना तिथेच जमिनीवर बसले. त्यांच्या पँटचा गुडघा फाटला होता आणि रक्त येत होतं.

या औषधावरून माझं आणि नानांचं आधी एकदा वाजलं होतं. चार वर्षांपूर्वी मी विद्यापीठातून सुट्टीला घरी आले, तेव्हा एका मेलेल्या गिधाडाचा फोटो आणला होता. आतले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे. मी तो जेवणाच्या वेळी त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हे तुमच्या सुईमुळे." बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला जेवढं कठोर बोलता येतं तेवढं बोलले. ते म्हणाले, "तीस वर्षं मी जनावरं वाचवली. मी काय कसाई आहे?" आणि ताटावरून उठले. पुढची दोन वर्षं आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. गाडी किती वाजता, जेवलीस का, एवढंच. मग एका दिवाळीला त्यांनी आपली पिशवी माझ्यासमोर उघडली आणि मेलॉक्सिकॅमची नवी बाटली काढून दाखवली. "हे चालतं ना तुझ्या पाखरांना?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून पुन्हा सगळं सुरळीत झालं होतं. त्यांची चिठ्ठी आली की मी दोनदा विचारत नसे.

"बाटली कुठून आली?" मी विचारलं.

"कपाटात होती. एकच राहिली होती."

"का दिलीत?"

"दोन दिवस नवीन औषध देऊन पाहिलं. उतार पडेना. काल सकाळी गेलो तर म्हैस पाय झाडत होती. हिराबाई म्हणाली, डॉक्टर, कायतरी करा, हिचं बघवत नाही. माझ्या हाताला तेच माहीत आहे गं. तेच दिलं. दुपारी गेलीच ती."

"आणि चिठ्ठी?"

ते पंच्याने गुडघ्यावरचं रक्त पुसायला लागले.

"पुरायला लागेल," काशिनाथ म्हणाला. "मी गावात जाऊन माणसं आणतो."

अर्ध्या तासात कुदळी-फावडी घेऊन सहा-सात जण आले. त्यांच्यात हिराबाईही होती. नानांनी एकाच्या हातातून कुदळ घेतली. ते बासष्ट वर्षांचे होते आणि जमीन मुरमाड होती. मी दोनदा सांगितलं, "बसा." त्यांनी ऐकलं नाही.

"डॉक्टर, तुमी कशाला खणताय?" हिराबाईने विचारलं.

"माझंच काम आहे, बाई."

"म्हैस माझी गेली, अन् डोळे तुमचे भरलेत," ती म्हणाली आणि त्यांच्या हाताला धरून कुदळ काढून घेऊन स्वतः खणायला लागली.

खड्डा पुरुषभर खोल झाला. म्हैस आत ढकलून वर मीठ आणि चुना टाकला. माती लोटली, मातीवर दगड आणि बाभळीच्या फांद्या. हे सगळं होईपर्यंत गिधाडं कड्याच्या कपारींत बसून खाली बघत होती.

"उपाशी ठेवलं मी त्यांना," नाना म्हणाले.

"उपाशी हायेत, पण जिती हायेत," काशिनाथ म्हणाला.

फोनला रेंज फक्त एका उंच खडकावर मिळायची. मी तिथे गेले आणि प्रधान मॅडमना फोन लावला. त्या काठमांडूला असत आणि आमच्या सगळ्या केंद्रांचं काम बघत. हिंदीत बोलायच्या, थोडक्यात बोलायच्या. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी खोटी होती, चार पक्षी बसले होते, दोघांनी बहुधा खाल्लंय.

"चिठ्ठी कोणी लिहिली?"

नाव घ्यायचं का नाही, याचा मी त्या क्षणापर्यंत विचार केला नव्हता. "माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. "आणि पक्षी उठवले तेही त्यांनीच."

"ते आता कुठे आहेत?"

"इथेच. कड्याखाली बसलेत."

"मग त्यांना तिथेच राहू दे. पाच दिवस प्रत्येक घरट्यावर नजर ठेवा. दोन्ही पालक दिसले तरच ते घरटं ठीक समजायचं. बाकीचं नंतर." त्यांनी फोन ठेवला.

अकरा घरटी म्हणजे बावीस पक्षी. एक पिल्लाजवळ बसतो, दुसरा अन्नाच्या शोधात जातो. दोघे एकदम दिसतात ते पाळी बदलताना, मिनिट-दोन मिनिटं. दोघांपैकी एक जरी गेला तरी पिल्लू जगत नाही. मोठी दुर्बीण तिकाटण्यावर लावून एका माणसाने डोळा न काढता बसायचं, हे काम. नाना म्हणाले, "मी बसतो."

मी म्हटलं, "तुम्ही घरी जा. गुडघ्याला पट्टी बांधा."

"पट्टी इथेच बांध," ते म्हणाले.

त्यांनी घरी निरोप पाठवला आणि आमच्या केंद्राच्या खोलीत मुक्कामाला राहिले. उजाडलं की कड्याखाली हजर. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते घरट्यांचे नंबर शिकले. दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकेक घरटं मोजत शेवटपर्यंत गेले. मग म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा एका बैलावर शंभर शंभर उतरायची. अर्ध्या तासात हाडं उरायची. मग कमी झाली. मला वाटलं, गेली असतील दुसरीकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज बदलला होता.

"सहा नंबर बघ."

मी बघितलं. सहा नंबरच्या कपारीत पिल्लाशेजारी एक मोठं गिधाड बसलं होतं आणि त्याची मान खाली लोंबत होती. चोच जवळजवळ खडकाला टेकलेली.

"उन्हाने पण टाकतात मान," मी म्हटलं. ते खरं होतं. पण विष चढलेलं गिधाडही असंच बसतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत ते तसंच होतं. पिल्लाने दोनदा चोच वर केली, त्याला काही मिळालं नाही. नानांनी दुपारचा डबा उघडला नाही. मी भाकरी त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी पंच्यावर ठेवली आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा नंबरमध्ये नुसतं पिल्लू होतं. एकटं, पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यासारखं.

"गेलं," नाना म्हणाले.

काशिनाथ कड्याच्या पायथ्याशी मेलेलं गिधाड शोधायला गेला. झुडपं, घळी, दगडांच्या फटी, सगळं बघणार होता. आम्ही दोघंच उरलो. नाना दुर्बिणीला डोळा लावून होते. तसेच, माझ्याकडे न बघता, बोलायला लागले.

"चिठ्ठीचं विचारत होतीस तू."

"हो."

"खरं लिहिणार होतो. पेन हातात घेतलं आणि वाटलं, ही चिठ्ठी तू वाचणार. तू पुन्हा तो फोटो पुढे ठेवशील. म्हणून ते लिहिलं."

"मग आलात कसे?"

"रात्रभर विचार केला. आधी वाटलं, तुला शंका येईल. तू फोन करशील, विचारशील, बाटल्या बघायला येशील. मग मी सांगून टाकेन. सकाळ झाली, तुझा फोन नाही. तेव्हा कळलं, तू विचारणार नाहीस. तू चिठ्ठी वाचली असशील आणि खिशात ठेवली असशील. तू विश्वास ठेवला नसतास ना, तर मी कदाचित आलो नसतो."

मी त्यांच्या गुडघ्याची पट्टी सैल झाली होती ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"मी तेव्हा फार बोलले," मी म्हटलं. "जेवणावरून उठवायला नको होतं."

"खरंच बोलली होतीस. फक्त जेवून झाल्यावर बोलायचं होतंस," ते म्हणाले.

दोन तासांनी काशिनाथ काट्यांनी ओरबाडलेल्या हातांनी परत आला. "खाली कायच नाय, ताई. पीस पण नाय."

पावणेअकराला एक गिधाड आलं आणि सहा नंबरवर उतरलं. पिल्लाने त्याच्या चोचीत चोच घातली. गळा हलला, अन्न बाहेर आलं, पिल्लू खायला लागलं. मी काही म्हणणार तेवढ्यात नानांनी हात वर केला. हे एक झालं. दुसरं हवं होतं.

आम्ही थांबलो. कोणी पाणीही प्यायलं नाही. मग दक्षिणेकडून एक ठिपका मोठा होत आला, कड्याला एक फेरी घातली आणि सहा नंबरच्या कपारीत पहिल्याच्या शेजारी उतरला. दोघांनी एकमेकांना जागा करून दिली.

"दोन!" नाना ओरडले. दुर्बीण त्यांच्या धक्क्याने हलली आणि काशिनाथने ती धरली नसती तर खाली पडली असती. "दोन आहेत, ज्योत्स्ना! तू बघ. नाही, थांब, मी बघतो. दोन!"

काशिनाथने मला विचारलं, "ताई, डॉक्टर रडतात का हसतात?"

मी वहीत सहा नंबरपुढे बरोबरची खूण केली.

चौथ्या दिवसापर्यंत आठ घरटी ठीक म्हणून लिहिली गेली. पाचव्या दिवशी सकाळी उरलेली तीन. चार नंबरला साडेआठ वाजता दोघे दिसले, नऊ नंबरला दहाच्या सुमारास. अकरा नंबरने फार वेळ लावला. कपार आतल्या बाजूला वळलेली होती आणि पक्षी उडाल्याशिवाय दिसत नसे. बाराला पाच मिनिटं कमी असताना एक बाहेर आलं, काठावर थांबलं आणि त्याच्या पंखाखालून दुसऱ्याची मान दिसली.

"अकरा," नाना म्हणाले.

घरटी न केलेली पाच-सहा गिधाडंही त्या भागात फिरत असत. त्यांचं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण कड्याखाली किंवा आसपासच्या गावांत त्या महिन्यात एकही गिधाड मेलेलं सापडलं नाही. मे महिन्यात अकरापैकी दहा पिल्लं उडाली. एक एप्रिलमध्ये घरट्यातून पडलं, तसं कधीकधी होतं.

जूनमध्ये तालुक्याच्या गावी आम्ही जनावरांवर उपचार करणाऱ्या साठेक लोकांची सभा घेतली. प्रधान मॅडमनी नानांचं नाव कुठे कळवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं होतं, ते स्वतः सांगतील का. नाना उभे राहिले आणि बाटलीपासून चिठ्ठीपर्यंत सगळं सांगितलं, नावं न लपवता, माझं नाव धरून. पुढे त्या गावांतून त्या जुन्या औषधाच्या किती बाटल्या लोकांनी त्यांच्याकडे आणून दिल्या, ते मी इथे सांगत बसत नाही. आता या सगळ्याला पंधरा वर्षं झाली.

मला आठवतो तो पाचवा दिवस. अकरा म्हटल्यावर नानांनी दुर्बिणीवरून डोळा काढला, पंचा जमिनीवर अंथरला आणि तिथेच करवंदीच्या सावलीत आडवे झाले. काशिनाथ त्यांना भाकरी द्यायला वाकला तर ते झोपले होते. तोंड उघडं, एक चप्पल पायात, एक बाजूला. चिठ्ठी लिहिल्या रात्रीपासून ते नीट झोपले नव्हते.

मी हळूच निघाले, चालत उंच खडकावर गेले आणि फोन लावला.

"मॅडम, अकरा," मी म्हटलं. "बावीसच्या बावीस."

"काय? मोठ्याने बोल."

"अकराही घरटी ठीक आहेत."

"अगं, मग एवढं हळू का बोलतेयस?"

मी खाली बघितलं. खडक त्यांच्यापासून बराच लांब होता. तिथून माझा आवाज पोचला नसता.

"वडील झोपलेत," मी म्हटलं.